गंमत गांभीर्याने घ्या

सहा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. पहिलं मत असं, की पुस्तकातून मुलाला काहीतरी मिळालं पाहिजे: संस्कार, माहिती, निदान चार नवे शब्द. दुसरं मत स्वतःला उदार समजतं. ते म्हणतं, ‘अहो, वाचू दे की काहीही, गंमत वाटली म्हणजे झालं.’ ही मतं एकमेकांच्या विरोधातली वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. गंमत ही वरवरची गोष्ट, खरं काम करणारं काहीतरी दुसरंच असतं, ही ती समजूत. पहिला पक्ष गमतीला कडू गोळीवरची साखर मानतो आणि दुसरा नुसती साखर द्यायला तयार असतो, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं असं आहे, की नुकतं वाचू लागलेल्या मुलाच्या बाबतीत वाचनक्षमता घडवण्याचं काम गंमतच करते. तिच्यावाचून ते काम होत नाही, आणि दुसऱ्या कशानेही तिची भरपाई होत नाही. हे मान्य केलं की पुढची गोष्ट ओघाने येते. रंजक पुस्तक निवडणं हे बोधपर पुस्तक निवडण्याहून कितीतरी अवघड आणि जाणकारीचं काम ठरतं. बोध आहे की नाही हे शेवटचं पान उघडून ठरवता येतं. गंमत आहे की नाही हे ठरवायला मात्र सगळं पुस्तक वाचावं लागतं, आणि तेही मोठ्याने.

१. बोधाची जुनी सवय

ही समजूत कालपरवाची नाही. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये छापलेलं ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक, आणि ते होतं इसापच्या नीतिकथांचं भाषांतर. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ आलं. तेही एका फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या बोधपर लेखनावरून, इंग्रजीच्या वाटेने आलेलं. म्हणजे मुलांसाठीचं मराठी पुस्तक जन्मालाच आलं ते शाळा आणि नीती यांचं बोट धरून. त्या काळाला दोष देण्यात अर्थ नाही. छापील पुस्तक ही दुर्मीळ वस्तू होती, आणि दुर्मीळ वस्तूकडून माणसं मोठंच काम मागतात. पण परिस्थिती बदलल्यावरही मागणी तशीच राहिली. वि. को. ओकांचं ‘बालबोध’ १८८१ मध्ये निघालं, वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये. मासिकांमुळे खिडक्या उघडल्या, वारा आला. तरी पुस्तक खरेदी करणाऱ्या माणसाचा हात अजून तात्पर्याकडेच वळतो.

विसाव्या शतकात मराठी बालसाहित्याची दोन टोकं मात्र खरोखर समृद्ध झाली. एका टोकाला ऐकण्या-म्हणण्याची कविता होती. विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’, मंगेश पाडगावकरांच्या बालकविता. इतका खोडकरपणा आणि इतकी अचूक लय एकाच पिढीत मिळणं हे आपलं भाग्यच. दुसऱ्या टोकाला सरसर वाचता येणाऱ्या मुलांचं साहस होतं: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, त्यांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, आणि १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’. मधला पट्टा मात्र बराच काळ रिकामा राहिला. अक्षरं कळू लागली आहेत, पण ऐंशी पानांची कादंबरी अजून झेपत नाही, अशा मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं काय? तो पट्टा आपण पाठ्यपुस्तकाच्या हवाली केला. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात मूल वाचक होणार की नाही, हे ठरत असतं.

२. सात वर्षांचं मूल वाचतं, म्हणजे काय करतं

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, असं आपण अभिमानाने सांगतो. शिकणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर हे अर्धंच खरं आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणायचा मात्र त्याच्या आधी. ‘सूर्य’ वाचताना डोळ्याला पुढे जाऊन मागे यावं लागतं. एकटा ‘र’ घेतला तरी ‘प्रकाश’, ‘ट्रक’, ‘गर्व’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत त्याचे चार वेष. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’मध्ये तर मूळची अक्षरं ओळखूच येत नाहीत. ‘चार’मधला ‘च’ वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, आणि लिपी त्याबद्दल काही सांगत नाही. शब्द आधी कानावरून गेलेला असेल तरच मूल बरोबर उच्चार करणार. हे सगळं सांभाळत ते वाक्याच्या शेवटाला पोचतं, तेव्हा वाक्याची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते.

या अवस्थेतून बाहेर पडायला मार्ग एकच आहे. अक्षर ओळखण्याचं काम इतकं सवयीचं व्हावं लागतं, की त्याकडे लक्ष द्यावंच लागू नये. मग लक्ष अर्थासाठी मोकळं होतं. ही सहजता पुष्कळ वाचल्याशिवाय येत नाही. पाठ्यपुस्तकातून तेवढं वाचन होणं शक्यच नाही. एक तर त्याची पानं मोजकी, आणि वर्गात तोच धडा इतक्यांदा होतो, की अनेक मुलं पुढे पुढे तो पुस्तकाकडे न पाहताच ‘वाचतात’. म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचं, रोजचं, कुणी न सांगता होणारं वाचन लागतं. कुणी सांगत नसताना सात वर्षांचं मूल एखादी कष्टाची गोष्ट रोज करतं, ते एकाच कारणासाठी: त्यात मजा येते म्हणून. ही साखळी कुठे तोडता येते का, पाहा. सहजतेला भरपूर वाचन लागतं, भरपूर वाचनाला मुलाची मर्जी लागते आणि मर्जीला गंमत.

साखळी एका बाजूने चढती असते, तशी दुसऱ्या बाजूने उतरती. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे नीट मांडलं. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, म्हणून त्याला आणखी चांगलं येतं. ज्याला अडखळायला होतं तो टाळतो, म्हणून आणखी मागे पडतो. सुरुवातीचा छोटा फरक वर्षागणिक रुंदावत जातो. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं, तेव्हा सुधारणा आहेच. पण पाचवीतही आकडा ४४.८ टक्क्यांवर थांबतो. हे आकडे सहसा शिक्षकांना फटकारण्यासाठी वापरले जातात. मला त्यांतून निघणारा एक अगदी व्यवहारी निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो: ‘तिसरीच्या मुलांसाठी पुस्तक’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. एकाच बाकावर अक्षरं जुळवणारं मूल असतं, आणि शेजारी दिवाळी अंकातली गोष्ट वाचणारं. मलपृष्ठावर छापलेला वयोगट हा बहुतेक वेळा प्रकाशकाचा अंदाज असतो. त्यावरून पुस्तक निवडणं म्हणजे बूट निवडताना पायाऐवजी जन्मदाखला पाहणं.

३. गंमत येते कुठून

गंमत म्हणजे विनोद, भडक रंग आणि बोलणारे प्राणी, अशी समजूत असेल तर दुसऱ्या पक्षाची पुस्तकंही तितकीच रटाळ निघतील, आणि निघतातही. नवख्या वाचकाची गंमत कुठून येते हे बारकाईने पाहिलं तर काही स्रोत स्पष्ट दिसतात.

*पुढचं ओळखता येणं, आणि कधीतरी चकणं.* चिऊ-काऊची गोष्ट किंवा म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट इतक्या पिढ्या टिकली ती तिच्या बांधणीमुळे. एकच प्रसंग थोड्या फरकाने पुन्हा येतो, तेच वाक्य पुन्हा येतं, आणि ऐकणारं मूल ते वाक्य सांगणाऱ्याच्या आधी म्हणून टाकतं. कागदावर आली की हीच बांधणी वाचायला शिकवण्याचं उत्तम साधन होते. पहिल्यांदा अडखळत वाचलेलं वाक्य तिसऱ्यांदा आलं की मूल ते एका झोतात वाचतं. आपल्याला वाचता येतं, हा अनुभव त्याला त्याच पुस्तकात, त्याच बैठकीत मिळतो. शेवटच्या वेळी लेखकाने वाक्य किंचित बदललं तर आणखी बहार; मग मुलाला खरोखर अक्षरांकडे पाहावं लागतं. आपल्या आज्यांना हे तंत्र माहीत होतं. छापील पुस्तकांनी ते निष्कारण सोडून दिलं.

*थोड्या शब्दांत खरी गोष्ट.* सोपं पुस्तक म्हणजे निर्जीव पुस्तक, हा समज अमेरिकेत एका पुस्तकाने मोडला. तिथली प्राथमिक वाचनमाला इतकी कंटाळवाणी होती, की १९५४ मध्ये जॉन हर्सी या लेखकाने ‘लाइफ’ साप्ताहिकात तिच्यावर जाहीर टीका केली. त्यातून झालेल्या मागणीवरून डॉ. स्यूस यांनी नवशिक्यांच्या शब्दयादीत राहून ‘द कॅट इन द हॅट’ लिहिलं. ते १९५७ मध्ये आलं आणि त्यात वेगवेगळे शब्द आहेत अवघे २३६. तेवढ्यात पाऊस, आईविना घर, आगंतुक मांजर, भयंकर पसारा आणि आई परत येण्याआधीची धांदल हे सगळं बसलं. मर्यादा कडक असली की कारागिराला जास्त घडवावं लागतं. मराठीत मात्र ‘सोप्या’ पुस्तकाचं काम फारसं मानाचं समजलं जात नाही. चार ओळींचं पान लिहायला चाळीस ओळींच्या पानापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मानधन ठरवणाऱ्यांना पटवणं अजून बाकी आहे.

हिंदीत हे काम संस्थेच्या पातळीवर झालं. एनसीईआरटीने काढलेल्या ‘बरखा’ मालिकेत चाळीस छोटी पुस्तकं आहेत, चार पायऱ्यांमध्ये लावलेली. विषय रोजचे, पात्रं परत परत भेटणारी, आणि उपदेश नाही.

*मुलाची स्वतःची इच्छा.* बोधकथेतल्या मुलाला इच्छा असते ती चूक करण्यापुरती; मग त्याला शिक्षा होते किंवा पश्चात्ताप. वाचणाऱ्या मुलाला हा सापळा फार लवकर ओळखू येतो. उलट ज्या पुस्तकात मूल काहीतरी हवं म्हणून धडपडतं, मोठ्यांपेक्षा घटकाभर का होईना पण जास्त पाहतं, तिथे वाचक त्याच्याबरोबर चालू लागतो. माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांचं मोल इथे आहे. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ या मालिकांमध्ये राक्षस नाहीत, खजिना नाही. घर आहे, शाळा आहे, माणसं आहेत, आणि या सगळ्याकडे गंभीरपणे पाहणारं एक मूल आहे. पुरंदऱ्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारही. तरी आहेराच्या पुस्तकांत आजही बोधकथांचा जाडजूड ठोकळाच जास्त दिसतो, ही गोष्ट वेगळी.

*शब्द सांगत नाहीत ते चित्राने सांगणं.* मजकुरात ‘मांजर बसलं होतं’ आणि चित्रात बसलेलं मांजर, ही एकच गोष्ट दोनदा झाली. चित्रात मांजराच्या मागे अर्धी मासळी दिसत असेल, तर वाचणाऱ्याला गोष्टीतल्या आईपेक्षा जास्त माहिती मिळते. ते हसू स्वतःचं शोधलेलं असतं.

*खरं जग.* गंमत म्हणजे गोष्ट, हेही आपण गृहीत धरतो. कित्येक मुलांना परीकथेत काडीचा रस नसतो, पण जेसीबीचा पंजा कसा वळतो, गोगलगायीला घर कुठून मिळतं, रेल्वेचा रूळ कोण बदलतं, यावर ती तासभर बोलू शकतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवणारी जी पुस्तकं दिली, ती अशा मुलांना गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा लवकर वाचतं करतात. कारण साधं आहे: पुढची ओळ वाचली नाही तर खेळणं चालत नाही.

४. पान उघडल्यावर

आता प्रत्यक्ष पुस्तक हातात आल्यावर काय पाहावं? माझ्या मते पहिली चाचणी कानाची. कुठलीही दोन पानं मोठ्याने वाचावीत. जीभ अडखळली, वाक्य दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, तर मुलाचं काय होणार ते उघड आहे. भाषांतरित पुस्तकं इथे हमखास पडतात. ‘आईने तिच्या गालांवर एक मोठे स्मित आणले’ असं वाक्य घरात कुणी बोलत नाही. आणि जे कधी कानावर पडलं नाही, ते अर्ध्या ओळखलेल्या अक्षरांवरून ताडता येत नाही.

मग डोळ्याची चाचणी. टाइप मोठा हवा, हे सगळे म्हणतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओळींमधलं अंतर, कारण उकार खाली आणि मात्रा वर असलेल्या लिपीत ओळी चिकटल्या की एका ओळीची शेपूट दुसरीच्या डोक्यात जाते. ओळ कुठे तुटते तेही पाहावं. अर्थाचा तुकडा जिथे संपतो तिथेच ओळ संपली, तर मुलाला श्वास मिळतो. रंगीत चित्रावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर छापणाऱ्या मांडणीकाराने एकदा तरी पहिलीच्या वर्गात बसावं.

जोडाक्षरं मोजत बसू नये. ‘पुस्तक’, ‘दप्तर’, ‘भात्यातला बाण’ यांची मुलाला भीती नसते, कारण शब्द किंवा गोष्ट ओळखीची असते. भीती असते ती ‘कर्तव्यनिष्ठ’ची. परदेशातल्या अनेक शाळांत पाच बोटांचा नियम सांगतात: पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर पुस्तक सध्या बाजूला ठेवायचं. ढोबळ नियम आहे, पण त्यात एक मोठा गुण आहे. निर्णय मुलाच्याच हातात राहतो, आणि ‘तुला हे जमणार नाही’ हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

आणि पुस्तकातलं बालपण कुणाचं आहे? मराठी बालपुस्तकांचा पुष्कळसा प्रदेश पुण्या-मुंबईच्या सदनिकेत संपतो. पालघरच्या वारली पाड्यावरच्या किंवा मेळघाटातल्या कोरकू मुलासाठी प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली दुसरीच भाषा असते. त्याला परकी भाषा, परकं घर आणि परकी लिपी अशा तिन्ही गोष्टी एकदम दिल्या, तर गंमत कुठल्या फटीतून शिरणार? निदान एक तरी ओळखीची हवी. म्हणून अशा शाळेच्या पेटीत कोंबडी, ओढा, आठवडी बाजार आणि ट्रॅक्टर असलेलं पुस्तक लागतं. त्याच पेटीत हिमप्रदेशातल्या पेंग्विनचंही लागतं, कारण खेड्यातल्या मुलाने फक्त खेडंच वाचावं असा नियम करणं हाही एक अन्यायच.

५. नकाराधिकार

पुस्तकाची पारख मोठ्यांनी करायची, पण शेवटची निवड मुलाची. हे तत्त्वतः सगळे मान्य करतात आणि व्यवहारात कुणी पाळत नाही. फ्रेंच लेखक डॅनियल पेनाक याने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यात सोडण्याचा आणि तेच पुन्हा वाचण्याचा हक्क आहे. मोठी माणसं हे चारही हक्क स्वतः सर्रास बजावतात. मुलाने पुस्तक अर्धं टाकलं की मात्र ‘पैसे काय झाडाला लागतात?’ आणि तेच पुस्तक अकराव्यांदा काढलं की ‘आता नवीन काही वाच ना’.

पुन्हा वाचणं हा आळस नाही. पहिल्या वाचनात मूल गोष्टीच्या मागे धावतं. नंतरच्या वाचनांत वाक्यं त्याच्या तोंडात बसतात, चित्राचे कोपरे सापडतात, अक्षरओळख पक्की होते. एकाच मालिकेला चिकटून राहणंही असंच उपयोगी. पात्रं, घर, बोलण्याची लकब आधीच माहीत असल्यामुळे प्रत्येक नव्या पुस्तकात नवं शिकायचं ओझं कमी असतं.

यातून खरेदीचं गणितही बदलतं. ‘१०१ बोधकथा’ असा एक जाड ग्रंथ घेण्यापेक्षा त्याच पैशांत सहा-सात पातळ पुस्तकं घ्यावीत. पातळ पुस्तक संपतं. संपवलेल्या पुस्तकाचा अभिमान सात वर्षांच्या मुलाला असतो तितका मोठ्यांना क्वचितच असतो. पैसे नसतील तरी वाट बंद नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून चार पायऱ्यांत लावलेल्या मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि छापूनही घेता येतात. त्यांचा दर्जा एकसारखा नाही, पण निवडायला भरपूर आहे.

शाळांत अडचण पैशांपेक्षा कुलपाची असते. पुस्तकं येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटात जातात, कारण फाटलं किंवा हरवलं तर हिशोब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून दर वर्षी काही पुस्तकं वापरून झिजणारच, हे कागदोपत्री मान्य करणारा एक साधा आदेश नव्या पुस्तकखरेदीच्या मोठ्या योजनेपेक्षा जास्त काम करील. मग दोरी बांधून, चिमटे लावून, मुखपृष्ठं मुलांच्या डोळ्यांसमोर टांगता येतील. कण्याकडून ठेवलेलं चोवीस पानी पुस्तक कपाटात दिसतसुद्धा नाही.

६. आक्षेप

*संस्कारांचं काय?* हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. नीती पुस्तकातून मिळते, हे मला मान्य आहे. ती तात्पर्याच्या ओळीतून मिळते, हे मान्य नाही. मराठीत संस्कारांचं पुस्तक म्हणून सगळ्यात आधी नाव येतं ते ‘श्यामची आई’चं. त्याची बांधणी पाहा. रात्री मित्र जमतात आणि श्याम त्यांना आठवणी सांगतो. साने गुरुजींनी आधी कथेकरी होऊन मग शिक्षक होणं पसंत केलं. त्यातला उपदेश लोकांनी स्वीकारला तो रडून झाल्यावर. आणि हे पुस्तक आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ‘वाच’ म्हणून देणं ही त्या पुस्तकाशीच गैरवर्तणूक आहे. त्या वयात ते ऐकायचं पुस्तक आहे. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहण्याची सवय ही नीतीची पहिली पायरी असेल, तर ती रंगून वाचणाऱ्या मुलाला प्रत्येक गोष्टीत लागते. कंटाळलेल्या मुलाला ती कुठल्याच गोष्टीत लागत नाही.

*हलकंफुलकं वाचून मूल तिथेच अडकेल.* या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. स्टीफन क्रॅशेन यांनी स्वेच्छावाचनावर बरंच लिहिलं आहे, आणि कॉमिक्स व मालिकांमधून मुलं जड वाचनाकडे सरकतात असं त्यांचं म्हणणं आहे. सरकतात, पण पुढची पायरी हाताशी असेल तरच. आपल्याकडे ती अनेकदा नसते. मूल अडकतं ते आवडीमुळे कमी आणि रिकाम्या फळीमुळे जास्त. यावर घरोघरी करता येण्यासारखा उपाय म्हणजे दोन प्रवाह वेगळे ठेवणं. मूल स्वतः वाचतं ते त्याच्या ताकदीपेक्षा किंचित सोपं असावं. आपण त्याला वाचून दाखवतो ते त्याच्या ताकदीपेक्षा दोन वर्षं पुढचं असावं. लांब वाक्यं, अवघड शब्द, गुंतागुंतीची माणसं हे सगळं कानाने आत येतं आणि पुढे डोळ्यांना कामी येतं. पहिलीत अक्षरं जुळवता आली की आपण वाचून दाखवणं बंद करतो, ‘आता तुझं तू वाच’ म्हणतो. नेमकं त्याच वेळी वाचून दाखवण्याची गरज सगळ्यात जास्त असते, कारण मुलाची समज आणि त्याचं स्वतःचं वाचन यांच्यातली दरी तेव्हाच सर्वाधिक रुंद असते.

*इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला मराठी पुस्तकाची गंमत वाटतच नाही.* त्याला तुम्ही कुठलं पुस्तक दिलंत? तो दहा वर्षांचा आहे. इंग्रजीत गुप्तहेरांच्या मालिका वाचतो. मराठी वाचनाची गती पहिलीची, म्हणून आपण त्याला ससा-कासव देतो. त्याला स्वतःचा अपमान वाटतो, आणि तो रास्त आहे. त्याला हवी आहे दहा वर्षांच्या डोक्याची गोष्ट, सात वर्षांच्या अक्षरांत. नागपूर-ठाण्यापासून उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या शाळांपर्यंत हीच तक्रार आहे, आणि तिच्यासाठी लिहिलेली मराठी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. भाषा मरते म्हणून गळे काढणाऱ्या परिसंवादांना या एका पुस्तकप्रकाराचा विषय सहसा सुचत नाही.

*मोबाइलपुढे पुस्तक टिकणार नाही.* कंटाळवाणं नाहीच टिकणार. ते पूर्वी विटीदांडूपुढेही टिकत नव्हतं.

७. निवड समितीत कोण बसतं

एवढं सगळं पालकांवर सोपवून चालणार नाही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांच्या हातात पडणारी पुस्तकं आई-वडील निवडत नाहीत. शाळांच्या, ग्रंथालयांच्या आणि देणगीदारांच्या याद्या निवडतात. त्या याद्या मोठी माणसं मोठ्या माणसांसाठी करतात. विषय ‘योग्य’ आहे का, महापुरुष आले का, पर्यावरण आलं का, किंमत बसते का, हे पाहिलं जातं. पुस्तक मुलाने शेवटपर्यंत वाचलं का, हे पाहण्याची सोयच तिथे नाही.

ती सोय करणं अवघड नाही. यादी पक्की होण्याआधी पुस्तकं महिनाभर वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या काही वर्गांत ठेवावीत, दोरीला टांगून, उघडी. परीक्षा नको, प्रश्नावली नको, आणि वाचून झाल्यावर ‘यातून तू काय शिकलास?’ हा प्रश्न तर मुळीच नको. फार तर ‘मित्राला देशील का?’ एवढं विचारावं. शिक्षकांनी नोंद करावी ती तीनच गोष्टींची: कुठली पुस्तकं अर्ध्यात परत आली, कुठली पुन्हा मागितली गेली, आणि कुठली इतकी हाताळली गेली की शिवण सुटली. पहिल्या गटातली पुस्तकं, लेखक कितीही नामवंत असला तरी, त्या वर्षीच्या यादीतून वगळावीत. आणि तिसऱ्या गटातल्यांच्या दुप्पट प्रती मागवाव्यात.